पट्टीखालचे दिवस

बसा. खुर्चीवर, सतरंजीवर, ओट्यावर, जिथे पाठ टेकता येईल तिथे. हातातलं काम थोडा वेळ बाजूला राहू द्या. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, रोखायचाही नाही. तो येतो-जातो तसा येऊ-जाऊ द्या.

आता स्वतःच्या अंगावरचा एखादा जुना वण शोधा. गुडघ्यावर असेल, हनुवटीखाली असेल, भुवईत लपलेला असेल. शेतात राबलेल्या माणसाला तो बहुधा डाव्या हाताच्या बोटांवर सापडेल, कारण विळा उजव्या हातात असतो. त्या वणावर बोटाचं टोक ठेवा आणि हळूच फिरवा. इथली कातडी शेजारच्या कातडीपेक्षा गुळगुळीत आहे. इथे लव नाही. इथे घामही येत नाही.

जखम झाली तो क्षण कदाचित तुम्हाला लख्ख आठवत असेल. रक्त, ओरडा, आईची धावपळ, घाईघाईत फाडलेलं जुनं लुगडं. पण ती भरून आली ते दिवस आठवतात का? बहुतेक नाही. ते दिवस पट्टीखाली गेले. तिथे काय चाललं होतं ते तुम्ही पाहिलं नाही, पट्टी बांधणाऱ्यानेही पाहिलं नाही. आज त्या दिवसांजवळ थोडं बसू या.

ऑक्टोबरची सकाळ डोळ्यांसमोर आणा. वाशीम जिल्हा, रिसोडच्या बाजूचं एखादं वावर. सोयाबीन वाळून तपकिरी झालेलं. उन्हं चढली की शेंगा तडकतात आणि दाणा भुईवर सांडतो, म्हणून बाया दव असतानाच सोंगणीला लागल्या आहेत. डाव्या मुठीत झाडं धरायची, उजव्या हाताने विळा ओढायचा, मूठ मागे टाकायची, पुढे सरकायचं. हे दिवसभर चालतं. आणि अशाच एका ओढीला विळा खोडांवरून निसटतो आणि तर्जनीच्या पेरावर येतो.

क्षणभर नुसती पांढरी चीर दिसते. मग रक्त येतं.

हात आपसूक काय करतो ते पाहा. विळा गळून पडतो आणि उजवा हात डाव्या बोटाला घट्ट धरतो. हे त्या बाईला कुणी शिकवलेलं नाही. माणसाची पहिली पट्टी म्हणजे त्याचाच दुसरा हात. तुम्हीही आत्ता करून बघा. उजव्या अंगठ्याने डावी तर्जनी ठामपणे दाबा. थोड्या वेळाने अंगठ्याखाली ठोका जाणवू लागेल. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून असाच दाब सलग दहा मिनिटं द्यायचा असतो, हात छातीच्या वर उचलून. निवांत बसलेल्या माणसाचे तेवढ्यात सव्वाशे-दीडशे श्वास होतात. मधेच कापड उचलून ‘थांबलं का’ म्हणून बघायचं नाही.

हे न बघणं फार अवघड असतं. पण त्या दहा मिनिटांत आत काय घडतंय ते ठाऊक असलं की हात स्थिर राहतो. डेंगीच्या साथीत ज्यांचं नाव घरोघरी पोचलं, त्या प्लेटलेट कापलेल्या जागी येऊन एकमेकींना चिकटत असतात. त्यांच्याभोवती फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे विणले जात असतात. आपण डोकावलो की ते कोवळं विणकाम उसवतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. कापड भिजलं तर ते तसंच राहू द्यावं, त्यावर दुसरं ठेवावं आणि दाब वाढवावा. रक्त उसळ्या मारत येत असेल किंवा दाबूनही थांबत नसेल तर दाब न सोडता 108 ची गाडी बोलवावी. जखमेत काही रुतून बसलं असेल तर ते वावरात उपसू नये; त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबावं आणि दवाखाना गाठावा.

वावरात हाताशी असतं तेच माणूस जखमेवर लावतो. तंबाखूची चिमूट, डबीतला चुना, हळद, चुलीतली राख, कधी नुसती माती. लावणाऱ्याच्या मनात माया असते, यात मला शंका नाही. पण ज्या काळ्या मातीवर आपण जगतो तिच्यात आणि शेणात धनुर्वाताचे जंतू बीजरूपाने वर्षानुवर्षं टिकून राहतात. हवा न लागणारी खोल जागा मिळाली की ते जागे होतात. म्हणून मातीत झालेली जखम असेल आणि धनुर्वाताच्या शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षं उलटली असतील, तर पुन्हा एक घ्यावं लागतं. कधी घेतलं होतं ते आठवत नसेल, तरी जाऊन घ्यावं.

आता पाण्याचा विचार करा. मातीचा माठ, त्यातला गार तांब्या, आणि जखमेवर सोडलेली धार. जे पाणी आपण निःशंक पितो ते जखम धुवायला चालतं. त्याहून बरं हवं असेल तर एक लिटर पाणी उकळून त्यात नऊ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड सपाट चमचा मीठ घालावं आणि ते झाकून निवू द्यावं. धार सावकाश सोडायची. मातीचा कण, सोयाबीनचं कूस, विळ्याचा गंज, सगळं पाण्याला घेऊन जाऊ द्यायचं. उघड्या जखमेवर स्पिरिट ओततात तेव्हा माणूस कळवळतो आणि भोवतालचे म्हणतात, झोंबतंय म्हणजे लागू पडतंय. ते झोंबणं जंतूंपुरतं नसतं. जखम बुजवायला निघालेल्या कोवळ्या पेशीही त्यात जळतात. जखमेच्या कामाला इतकं आक्रमक होण्याची गरज नाही. भरपूर पाणी आणि थोडा धीर पुरतो. कुत्रं चावलं असेल तर मात्र हेच धुणं साबण लावून वाहत्या पाण्याखाली पुरती पंधरा मिनिटं चालवायचं, आणि मग पट्टीच्या भानगडीत न पडता रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी निघायचं.

मग कापड.

इथे क्षणभर थांबून कापसाकडे बघा. मंगरूळपीर, मानोरा, कारंजा हा याच जिल्ह्यातला कापसाचा मुलूख. वऱ्हाडातला कापूस वाहून नेण्यासाठीच मूर्तिजापूर ते यवतमाळ रुळांची अरुंद वाट टाकली गेली, ती कारंज्यावरून जाई. लोक तिला शकुंतला म्हणतात. इथल्या पऱ्हाटीवरचं ताजं बोंड खुडून त्यातला कापूस पाण्यावर टाकून पाहा. तो तरंगतो. त्याच्या तंतूंवर निसर्गाने मेणाचा पातळ थर दिलेला असतो, त्यामुळे तो पाणी पीत नाही. तो थर काढून कापूस शोषक केला आणि जाळीदार कापडाच्या दोन थरांमध्ये घालून त्याची गादी केली, ती 1880 मध्ये इंग्लंडमधल्या जोसेफ गॅमजी या शल्यविशारदाने. गॅमजीने कापूस दोन कापडांच्या आत ठेवला, यामागेही कारण आहे. कापूस सरळ जखमेवर ठेवला तर त्याचे तंतू ओल्या मांसात अडकतात आणि काढता काढले जात नाहीत. आधी गॉज, म्हणजे तेच जाळीदार कापड, त्यावर हवा तर कापूस, वरून पट्टी. पट्टी इतकीच आवळायची की बोटाचं टोक गुलाबी आणि उबदार राहील. टोक निळसर पडलं, गार पडलं, मुंग्या आल्या तर लगेच सैल करायची.

सुश्रुतसंहितेत पट्टी बांधण्याचे चौदा प्रकार सांगितले आहेत आणि व्रणाचे साठ उपक्रम, म्हणजे उपचार. कापूस, लोकर, रेशीम, कातडं, झाडाची साल अशी बांधायच्या वस्तूंची यादीही तिथे आहे. न बांधलेल्या जखमेला माशा, गवतकाडी, धूळ, वारा, ऊन यांचा त्रास होतो, असं तिचं सांगणं आहे. सोंगणीच्या वावरात उभं राहून ही यादी मनाशी म्हटली तर तिच्यातलं काही बदललंय असं वाटत नाही.

पट्टी बांधून झाली. आता आपल्याला आत जायचं आहे. डोळे मिटायचे असतील तर मिटा.

पहिले दोन-तीन दिवस. जखमेच्या कडा लालसर, किंचित सुजलेल्या, हाताला उबदार. रात्री ठणका. आपण घाबरतो. पण हा आतल्या गर्दीचा ताप आहे. केशवाहिन्या मुद्दाम झिरपत्या होतात, त्यांतून पांढऱ्या पेशी बाहेर येतात आणि जंतू, मेलेल्या पेशी, उरलेली घाण गिळून टाकतात. पट्टीवर फिकट पिवळसर लस दिसते. तिची किळस करू नका. तीही औषधच आहे, आणि ती आपल्याच देहाने काढलेली आहे. ठणका तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरणीला लागला की समजावं, काम नीट चाललंय. लाली मात्र पसरत चालली, ठणका चढत चालला, पू दिसला, वास आला, लाल रेघ हातावरून वर निघाली, ताप भरला, तर त्या क्षणी घरचं सगळं थांबवावं आणि डॉक्टरकडे जावं.

चौथा, पाचवा, सहावा दिवस. जखमेच्या तळाशी नवं मांस धरू लागतं. ते ओलसर, लालभडक, दाणेदार असतं; डाळिंबाचे दाणे दाटीने बसवल्यासारखं. प्रत्येक दाण्यात नव्या रक्तवाहिनीचं एक वेटोळं असतं. नुसता हात लागला तरी त्यातून रक्त येतं, इतकं ते नाजूक. ड्रेसिंग करणाऱ्या अनुभवी बाईला हा लाल रंग दिसला की तिच्या चेहऱ्यावर समाधान येतं. पिवळा चिकट थर दिसला तर ती थबकते. काळा दिसला तर डॉक्टरला हाक मारते.

आणि मग कडा. मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हे. जखमेच्या काठावरच्या कातडीच्या पेशी, ज्या एरवी शेजारणींना घट्ट धरून जागच्या जागी असतात, त्या हाताची पकड सैल करतात आणि उघड्या मांसावरून पुढे सरकू लागतात. एकेरी थर करून, चारी बाजूंनी, मध्याकडे. त्यांना वर कुणी बसून हुकूम देत नाही. समोरून येणारी पेशी भेटली की दोघी थांबतात. भेट झाली की चाल संपते. त्यानंतर थरावर थर चढतात. श्वास सावकाश सोडा आणि त्या भेटीचा विचार करा. तुमच्या बोटाखालचा तो वण अशाच एका भेटीची जागा आहे.

इथे काम संपत नाही. आतले धागे पुढे वर्षभर, कधी त्याहून अधिक, पुन्हा पुन्हा मोडून नीट लावले जातात. एवढं होऊनही भरलेली जागा मूळ कातडीच्या साधारण ऐंशी टक्के ताकदीपर्यंतच पोचते. वण होता तिथे कातडी पुन्हा चटकन फाटते ती यामुळे.

या सगळ्यात पट्टीने काय केलं? माशा, धूळ आणि आपली उतावीळ बोटं दूर ठेवली. आणि ओलावा राखला. हा ओलाव्याचा मुद्दा आपल्या घराघरांतल्या समजुतीच्या विरुद्ध जातो. ‘जखमेला वारा लागू दे, खपली धरू दे’ हे आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. 1962 मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या कातडीवरच्या उथळ जखमांचा अभ्यास ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला. काही जखमा उघड्या ठेवल्या होत्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा होता. पापुद्र्याखालच्या ओल्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. कारण साधं होतं. उघड्या जखमेवर वाळून कडक खपली होते आणि सरकणाऱ्या पेशींना तिच्या खालून, ओल शोधत, खणत जावं लागतं. ओलावा असला की त्या सरळ पुढे जातात.

पण ओलावा म्हणजे चिखल नव्हे. पट्टीखालची कडा पांढरी, सुरकुतलेली, भिजट दिसली तर लस जास्त साचतेय. पट्टी बदला, अधिक शोषणारी घाला. सगळ्या ड्रेसिंगचं शास्त्र या एका तोलावर उभं आहे. फार वाहणाऱ्या जखमेला शोषणारं हवं: फोम, किंवा समुद्री शेवाळापासून केलेलं अल्जिनेट. कोरड्या जखमेला ओल देणारं जेल. खरचटलेल्या वरवरच्या जखमेला न चिकटणारा पॅराफिन गॉज. नावं पुष्कळ आहेत आणि काहींच्या किमती एका दिवसाच्या मजुरीहून जास्त आहेत. साध्या, स्वच्छ कापाला यांतलं काही लागत नाही. महागड्या चकतीपेक्षा धुतलेले हात मोलाचे. दुकानदाराने पुढे केलं म्हणून घेऊ नका. आधी जखमेकडे बघा: ती ओली आहे की कोरडी, उथळ आहे की खोल, चिकटेल की नाही. मग मागा.

स्वस्त ड्रेसिंगचा शोध महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी मन लावून घेतला आहे. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर मध लावून पाहिला आणि त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाशी त्याची तुलना केली. 1991 मध्ये तो अभ्यास ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त प्रसिद्ध झाला आणि मधाच्या बाजूने गेला. मुंबईत डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची ड्रेसिंग केली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान हाती घेतलं. पानं कापडावर चिकटवायची, निर्जंतुक करायची आणि भाजलेल्या अंगावर ठेवायची. केळीचं पान मोठं, मऊ आणि मेणचट. ते जखमेला धरत नाही. भाजलेल्या माणसाला रोज जे ड्रेसिंग बदलण्याचं भय असतं, ते या पानाने कमी केलं. हे प्रयोग रुग्णालयात, निर्जंतुक करून झाले आहेत. बरणीतला मध किंवा परसातलं पान तसंच घेऊन घरी भाजल्यावर लावू नये. घरी भाजलं तर वीस मिनिटं नळाचं साधं पाणी, टूथपेस्ट नाही, तूप नाही, बर्फही नाही, मग स्वच्छ कापड आणि दवाखाना.

भय हा शब्द आला आहे तर त्याच्याजवळ थांबू. वाळून चिकटलेला गॉज एका झटक्यात ओढला जातो तेव्हा काय होतं? माणूस ओरडतो, ते दिसतं. जे दिसत नाही ते असं की चार दिवसांत धरलेले ते लाल दाणे आणि काठावरून निघालेल्या त्या पेशी गॉजबरोबर उपटून येतात. ‘एकदाच ओढून टाका’ यात धैर्य आहे असं आपल्याला वाटतं. जखमेचं मात्र चार दिवसांचं नुकसान असतं. मिठाचं पाणी गॉजवर सोडा. थांबा. पुन्हा सोडा. तो आपणहून सुटेपर्यंत थांबा. ड्रेसिंग करताना एवढी एकच गोष्ट पाळली तरी पुष्कळ दुःख वाचतं.

आता आषाढाच्या आधीच्या वाटेवर या. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना वाशीम जिल्ह्यातून, मालेगाव, शिरपूर, रिसोड अशी जाते. पहिल्या पावसाचा चिखल, मधेच तापलेलं डांबर, मैलोन्‌मैल चालणारी पावलं. मुक्कामी पोचल्यावर वारकरी पाय पसरतात आणि टाचेवर, बोटांखाली पाण्याने टचटचीत फोड आलेले दिसतात. गावातले लोक गरम पाणी आणतात, तेल आणतात, पाय चेपतात. कुणी सुई तापवायला निघतो. फोडाच्या वरच्या त्या पापुद्र्याकडे जरा बघा. तो देहानेच घातलेला आहे. खालची कातडी नवी होईपर्यंत तिला ओल मिळावी, धूळ लागू नये यासाठी याहून चांगलं ड्रेसिंग कुठल्या दुकानात नाही. न फुटलेला फोड न फोडता, वर मऊ गादी ठेवून झाकावा. आपसूक फुटला तर पाणी जाऊ द्यावं, धुवावा, पण पापुद्रा कापू नये.

वारकऱ्याला फोड दुखतो. दुखतो म्हणून तो लंगडतो, पाऊल वाकडं टाकतो, मुक्कामी बसतो. दुखणं त्याचा पाय वाचवत असतं.

आणि त्याच दिंडीत, किंवा त्याच गावात, एखाद्याला ते दुखतच नाही.

हा विचार सावकाश करा. मधुमेह जुना झाला की पायांच्या नसा मुक्या होतात. बाभळीचा काटा चप्पल भेदून आत आला तरी कळत नाही. चपलेत खडा असतो, माणूस दिवसभर त्यावर चालतो. तुरीचा खुंट पायात गेला, हे संध्याकाळी रक्ताळलेला मोजा बघून सून सांगते. जखम असते आणि तक्रार नसते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1946 मध्ये आलेले आणि पुढे कुष्ठरुग्णांवर काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी हेच ओळखलं होतं. कुष्ठरोगात बोटं झडतात ती रोग थेट बोटं खातो म्हणून नव्हे. वेदना गेल्यामुळे रोजची लहान-लहान इजा थांबत नाही आणि जखमा साचत जातात. अशा मुक्या पावलावर कितीही उत्तम पट्टी बांधली आणि माणूस त्याच पावलावर चालत राहिला तर जखम भरत नाही. तिथे अर्धं औषध म्हणजे त्या जागेवरचा भार काढणं. डॉक्टर त्यासाठी प्लास्टरचा बूट देतात, खास पादत्राणं देतात, काठी देतात. घरच्यांनी द्यायची असते ती सक्तीची विश्रांती, आणि सोंगणीच्या दिवसांत तीच सर्वांत महाग असते.

कुष्ठरोगाचं नाव निघालं की या विदर्भातले काही हात आठवतात. वर्ध्याजवळ दत्तपूरला 1936 मध्ये मनोहर दिवाण यांनी काम उभं केलं. अमरावतीत 1946 मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारलं. सेवाग्रामला संस्कृतचे विद्वान परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने वाळीत पडून आले तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात झोपडी दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांचं अंग चोळलं. लोक सावलीलाही उभे राहत नव्हते, त्या काळातली ही गोष्ट. आज तो रोग प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मोफत गोळ्यांनी बरा होतो. पण दुसऱ्याच्या जखमेपाशी बसणं आजही सोपं नाही. नाकाला वास येतो, पोटात ढवळतं, नजर दुसरीकडे जाते.

म्हणून आता, डोळे मिटलेले असतील तर, घरातलं एक माणूस समोर आणा ज्याची जखम तुम्हाला धुवावी लागली आहे किंवा लागू शकेल. आधी तुमचे हात साबणाने धुवा, मनातही धुवा. त्याला सांगा की आता पाणी सोडतोय. विचारा, दुखतंय का. त्याच्या चेहऱ्याकडे एकदा बघा आणि मग जखमेकडे. किळस आली तर येऊ द्या. ती थोड्या वेळात ओसरते, हात काम करत राहिला तर. पट्टी काढताना घाई नाही. आतला रंग बघा. वास बघा. मागच्या वेळेपेक्षा ती लहान झाली का ते बघा. मग झाका, आणि त्याचा हात आणखी थोडा वेळ हातात राहू द्या.

डोळे उघडा.

आज झोपण्यापूर्वी घरातल्या मधुमेही माणसाचे दोन्ही तळवे दिव्याखाली बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. त्याला वाकता येत नसेल तर तुम्ही खाली बसा. उद्याही बघा. फोड, काळा डाग, भेग, ओली जागा दिसली, किंवा कुठलीही जखम पंधरा दिवसांत लहान होत गेली नाही, तर घरच्या हळदीवर आणखी एक आठवडा घालवू नका. आशाताईला सांगा, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात जा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत.